नदीकाठ आणि शहर बस: वाचकांचे प्रश्न

धुळ्यातून पांझरा जाते, अमळनेरातून बोरी, चाळीसगावातून तितूर, शिरपुरातून अरुणावती. या गावांतून नदीकाठाचा विकास आणि शहर बस या दोन विषयांवर बरीच पत्रं आली आहेत. दोन्ही कामांच्या फायली वेगळ्या टेबलांवर फिरतात, पण प्रत्यक्षात ती एकाच जागी भेटतात: पुलाच्या तोंडाशी. निवडक प्रश्नांची उत्तरं नगररचना, पूलबांधणी आणि बस वाहतूक या कामांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : पांझरेच्या काठाने रस्ता मोकळा आहे, चौक कमी आहेत. शहर बसचा मुख्य मार्ग याच रस्त्याने नेला तर गाड्या वेगाने धावतील आणि काठावर फिरायला येणाऱ्यांचीही सोय होईल, असं एका बैठकीत ऐकलं. हे बरोबर आहे का? (एक वाचक, देवपूर, धुळे)

गाडी वेगाने धावेल हे खरं. पण बसला उतारूही लागतात, आणि काठाच्या रस्त्यावर ते एकाच बाजूने येतात. हिशेब करून पाहा. थांब्यापर्यंत माणूस साधारण ४०० मीटर चालतो, म्हणजे पाच-सहा मिनिटं. थांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे ५० हेक्टर जागा येते. तेच वर्तुळ काठाच्या थांब्याभोवती काढलं की जवळपास अर्ध्या भागात पात्र आणि पलीकडची थडी येते. पलीकडच्या माणसाला थांबा समोर दिसतो, पण पुलाचा वळसा घालून तो येत नाही. चालक-वाहक तेवढेच, ऊर्जा तेवढीच, उतारू मात्र निम्मे. असा मार्ग तोट्यात जातो, फेऱ्या कमी केल्या जातात, आणि शेवटी ‘आपल्या गावात बस चालतच नाही’ असा शिक्का बसतो. चुकलेली असते ती मार्गाची आखणी.

शिवाय पूर येतो तेव्हा सगळ्यात आधी काठाचाच रस्ता बंद होतो. त्यातही पुलाखालून जाणारा भाग सर्वांत खोल असतो, कारण बससारख्या उंच वाहनासाठी पुलाखाली साडेपाच मीटर उंची सोडावी लागते आणि ती मिळवायला रस्ता खाली उतरवतात. शहराला बसची सर्वाधिक गरज असते त्या दिवशी मुख्य मार्गच पाण्याखाली, असं होऊन चालणार नाही.

म्हणून मुख्य मार्ग नदीला आडवा न्यावा. धुळ्याच्या बाबतीत देवपूर बसस्थानक, मोठा पूल, मुख्य बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन हा कणा धरा. काठावर येणाऱ्यांसाठी पुलाच्या दोन्ही तोंडांशी एकेक थांबा द्या. या थांब्यांच्या वर्तुळात दोन्ही थड्या येतात.

गाड्या किती लागतील? समजा मार्ग एका बाजूने ८ किलोमीटरचा आहे आणि गर्दीतून सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर मिळतो. एका बाजूला ३० मिनिटं, दोन्ही टोकांच्या थांब्यांवर ५-५ मिनिटं थांबा, म्हणजे पूर्ण फेरा ७० मिनिटांचा. दर १० मिनिटांला गाडी द्यायची तर ७ गाड्या रस्त्यावर आणि १ राखीव. आता पुलावर जाताना-येताना गाडी पाच-पाच मिनिटं अडकली तर फेरा ८० मिनिटांचा होतो आणि तीच सेवा द्यायला आठवी गाडी रस्त्यावर आणावी लागते. त्या गाडीची किंमत, तिचे चालक-वाहक, तिची देखभाल हा सगळा खर्च पुलाच्या तोंडाशी झालेल्या कोंडीचा. पुलाअलीकडे ६०-८० मीटर लांबीची आणि साडेतीन मीटर रुंदीची बसची वेगळी पट्टी आखली, तिथे हातगाड्या आणि उभ्या रिक्षा येऊ दिल्या नाहीत, तर एका नव्या गाडीच्या तुलनेत हे काम फार स्वस्तात होतं.

दहा मिनिटांचा आग्रह का, तर गाडी दहा मिनिटांत येणार असेल तर माणूस वेळापत्रक न बघता थांब्यावर येतो. वीस मिनिटांची वाट पाहायची म्हटलं की तो रिक्षाला हात करतो.

थांबा पुलाला अगदी चिकटवू नका, नाहीतर थांबलेल्या गाडीची शेपूट पुलावर जाते. चौक ओलांडल्यानंतरचा थांबा चांगला. रिक्षातळ बसथांब्याच्या पुढे ठेवा. अलीकडे ठेवला तर रिक्षा बसची वाट अडवतात. छत पश्चिमेकडून येणारं दुपारनंतरचं ऊन अडवेल असं पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात ४०० मीटर कोणी चालत नाही, निम्मंच चालतं. म्हणून थांब्यापासून काठापर्यंतच्या वाटेवर कडुनिंब, करंज लावणं हे शोभेचं काम समजू नये. ते उतारू आणण्याचं काम आहे.

प्रश्न : माझी आई चाकाच्या खुर्चीवर असते. काठावरचा पदपथ पुलाच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे आणि खाली जायला फक्त पायऱ्या आहेत. आता रॅम्प बांधता येईल का? (धुळे)

जागा असेल तर येईल. पण किती जागा लागते हे ऐकून घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक मीटर खाली उतरायला बारा मीटर लांबी. पुलाची पातळी आणि पदपथ यांत ५ मीटरचा फरक असेल तर नुसता उतार ६० मीटरचा. दर पाऊण मीटर उतारानंतर दीड मीटरचा सपाट टप्पा हवा. असे मधले सहा टप्पे धरले की लांबी ६९ मीटर होते. दोन्ही बाजूंना हाताला धरायला नळी, कडेला चाक घसरू नये म्हणून बुटकी कड, आणि पृष्ठभाग खरखरीत. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात घातक ठरतो.

एवढी लांबी सरळ क्वचितच मिळते, म्हणून वळवून दोन-तीन पदरी करतात. त्यासाठी पुलाच्या तोंडाशी रिकामी जागा आधीच राखून ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती जागा दुकानांना किंवा कारंज्याला जाते आणि मग नाइलाजाने पायऱ्या होतात. तुमच्याकडे जागा उरलेली नसेल तर लिफ्ट हा पर्याय राहतो. पण तिचं यंत्र आणि वीजजोडणी लाल पूररेषेच्या वर (ही रेषा म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात आहे) ठेवायला सांगा, आणि देखभालीचा करार निदान पाच वर्षांचा मागा.

प्रश्न : निळी आणि लाल पूररेषा म्हणजे नेमकं काय? निळ्या रेषेच्या आत पार्किंगला परवानगी आहे असं म्हणतात. मग इलेक्ट्रिक बसचा डेपो तिथे केला तर जमीन विकत घ्यायचा खर्च वाचेल ना? (एक नगरसेवक, धुळे जिल्हा)

निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळ्या ते लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित क्षेत्र. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत निषिद्ध क्षेत्रात बाग, मोकळं मैदान, उघडा भाजीबाजार, पार्किंग अशा मोजक्याच वापरांना मुभा आहे. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची चोवीस वर्षं निर्धास्त, असा बरेच जण घेतात. तसं नाही. दर वर्षी त्या पुराची शक्यता १०० मध्ये ४ असते, आणि २५ वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता निघते सुमारे ६४ टक्के. लाल रेषेचा पूरही ३० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. डेपो तीस वर्षं तरी वापरायचा असतो.

आता डेपोचं. नियमातल्या ‘पार्किंग’ या शब्दावर बोट ठेवून डेपो तिथे ढकलणं धोक्याचं आहे. डेपोत ट्रान्सफॉर्मर असतो, चार्जर असतात, जमिनीखालून उच्चदाबाच्या केबल असतात, गाड्या धुतलेलं तेलकट पाणी असतं, सुट्या भागांचं भांडार असतं. पाण्याचा इशारा मिळाल्यावर गाड्या हलवता येतील. चार्जर हलवता येत नाहीत. पूर ओसरल्यावर गाड्या शाबूत आणि चार्जिंग बंद, म्हणजे सेवा बंदच. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. १०,००० बसची ही योजना २०११ च्या जनगणनेत ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे. त्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या ३ लाख ७५ हजार आणि जळगावची ४ लाख ६० हजार होती. या योजनेत डेपो आणि वीजव्यवस्थेलाही मदत मिळते. तेव्हा जमीन वाचवण्यासाठी नदीत उतरू नका. डेपो मार्गाच्या टोकाजवळ, उंचावर आणि वीज उपकेंद्राच्या जवळ पाहा. टोकापासून लांब असेल तर रोज सकाळी पहिल्या फेरीआधी आणि रात्री शेवटच्या फेरीनंतर गाड्या रिकाम्या पळतात.

निळ्या रेषेच्या आत बस वाहतुकीसाठी काही करायचंच असेल तर यात्रेच्या दिवसांत जादा गाड्या उभ्या करायला मुरमाचं मोकळं मैदान ठेवा. एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा पावसाळ्याच्या खूप आधी येते, तेव्हा ते चालतं.

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालून आतल्या जागेत पदपथ करायचा आणि जुन्या फरशी पुलाच्या (पुरात बुडणाऱ्या ठेंगण्या पुलाच्या) जागी बस जाईल असा पूल करायचा, असा प्रस्ताव आहे. भिंती घातल्या की पुराचं पाणी गावात येणार नाही, असं सांगितलं जातं. (अमळनेर)

भिंत पाणी अडवते, पण पात्र अरुंद केलं तर पाण्याची पातळीही चढवते. सोपं उदाहरण घेऊ. पात्र १२० मीटर रुंद आहे आणि एका पुरात पाणी ३ मीटर खोल वाहतंय. दोन्ही बाजूंनी १५-१५ मीटर आत सरकून भिंती बांधल्या, म्हणजे पात्र ९० मीटरचं झालं. तळाचा उतार आणि खडबडीतपणा तोच राहिला तर तेवढंच पाणी वाहून न्यायला खोली लागते सुमारे ३.५६ मीटर. म्हणजे पातळी ५६ सेंटिमीटरने चढली. पदपथासाठी मिळालेल्या तीस मीटरांची ही किंमत, आणि ती वरच्या अंगाच्या वस्तीला मोजावी लागते, कारण चढलेलं पाणी मागे तुंबतं. ज्या वस्तीपर्यंत भिंत जात नाही तिथे ते शिरतं.

म्हणून प्रस्तावात दोन पूररेषा मागा: आजची, आणि भिंती व नवा पूल धरून काढलेली. नदीचे आडवे छेद दर ५० ते १०० मीटरवर घेतलेले असावेत आणि ते कामाच्या हद्दीत न थांबता वर-खाली निदान दोनेक किलोमीटर गेलेले असावेत. दुसरी रेषा पहिलीच्या वर जात असेल तर भिंत मागे घ्या. पदपथ दोन पातळ्यांवर केला तर बरंच साधतं: खालचा पुरात बुडणारा, ज्यावर दिव्याचा खांबसुद्धा नको, आणि वरचा कायमचा.

फरशी पुलाबद्दल थोडं सविस्तर. खानदेशात पुराबरोबर जे वाहून येतं ते नुसतं पाणी नसतं. कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीचे खांब, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक. पऱ्हाटी आडवी येते आणि कठड्याच्या दोन गजांमध्ये अडकते. तिच्यावर दुसरी, त्यावर केळीची पानं, त्यावर गाळ. बघता बघता जाळीदार कठडा मातीच्या बांधासारखा घट्ट होतो आणि पुलाचं धरण होतं. मग पाणी दोन्ही टोकांनी रस्ता कापून निघतं. पूल उभा राहतो, पण त्याला जोडणारा भराव वाहून जातो. म्हणून बुडणाऱ्या पुलावर कठडा काढता येणारा किंवा आडवा पाडता येणारा असावा, आणि जून उजाडण्याआधी तो काढायची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवावं. खटके गंजलेले असतील तर कठडा असून नसल्यासारखा. मे महिन्यात एकदा काढून-बसवून पाहावा.

बसचा नवा पूल उंचच हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पुराची पातळी आणि पुलाचा खालचा भाग यांत प्रवाह सेकंदाला ३०० ते ३,००० घनमीटर असेल तर १.२ मीटर, आणि त्याहून जास्त असेल तर १.५ मीटर अंतर लागतं. वर्तमानपत्रांत विसर्ग क्युसेकमध्ये येतो. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. त्या पानाफांद्यांना जाऊ देण्यासाठीच ही मोकळी उंची असते. ‘थोडं अंतर कमी केलं तर जोडरस्त्याचा भराव वाचतो’ असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका.

खांब कमी आणि गाळे लांब ठेवा, खांबाचं नाक गोल आणि प्रवाहाच्या दिशेला समांतर हवं. रस्ता सरळ ठेवण्याच्या नादात पूल नदीला तिरका टाकतात, पण खांबही तिरके राहिले तर प्रवाहासमोर त्यांची रुंदी वाढते आणि बुडाशी खड्डा पडतो. खांबाशेजारच्या या खोदाईची कमाल खोली सरासरी खोदाई-खोलीच्या दुप्पट धरतात आणि पाया त्याच्याही एक तृतीयांश खाली नेतात. पुलाजवळ वाळूउपसा झाला तर हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण तळच खाली जातो.

भिंतींची एक गोष्ट राहिली. काठाच्या भिंती बऱ्याचदा भर पुरात न पडता पूर ओसरताना पडतात. नदीचं पाणी झपाट्याने उतरतं, भिंतीमागची माती मात्र अजून पाण्याने भरलेली असते, आणि तिचा दाब भिंतीला नदीत लोटतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतीत आडवी-उभी एकेक मीटरवर पाणी निघायची भोकं, आणि मागे ६०० मिलिमीटर जाडीचा दगड-खडीचा गाळणथर. आपली काळी माती तर फुगते आणि आकसतेही. ती भिंतीमागे परत भरू नये. पदपथाखालचीही काढून मुरूम दाबून भरावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत फरशा उचलल्या जातात.

प्रश्न : नदीला पूर नव्हता तरी आमच्या गल्लीत पाणी भरलं. काठावर भिंत झाल्यापासून असं होतं. (चाळीसगाव)

गल्लीतलं पाणी नदीत जायला भिंतीत तोंडं ठेवलेली असतात. ती किती आहेत आणि कोणत्या पातळीवर आहेत हे आधी पाहा. नुसती नळी ठेवली असेल तर नदी चढल्यावर तिचंच पाणी उलटं गल्लीत येतं. म्हणून नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारं झाकण बसवतात. नदी चढली की ते बंद होतं, आणि मग गल्लीतल्या पावसाला जागा उरत नाही. तिथे पंप हवा. नदीला पूर नसताना पाणी भरतं म्हणता, तेव्हा दोनच शक्यता: झाकण गाळाने किंवा प्लास्टिकने अडकून बंद राहिलंय, किंवा भिंत बांधताना जुन्या नाल्याचं तोंड बुजलंय. पहिलं असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसरं असेल तर जुना गाव नकाशा आणि भिंतीचा नकाशा शेजारी ठेवून प्रत्येक नाल्यासमोर खूण करत जा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांनी चाळीसगावात काय केलं हे तुम्ही पाहिलेलंच आहे. तिथे एकही तोंड बंद राहणं परवडणार नाही.

प्रश्न : साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट आपल्याकडे का नको? (जळगाव)

साबरमतीच्या काठावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिथल्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. अहमदाबादेत नदीत दिसणारं पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचं, आणि ते खालच्या अंगाला वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आहे. पात्राची रुंदी एकसारखी २६३ मीटर केली आहे. पांझरा किंवा बोरीला हिवाळ्यानंतर असं बाहेरचं पाणी मिळत नाही. नुसता बंधारा घालून पाणी अडवलं तर अडतं ते गावाचं सांडपाणी. मार्चमध्ये त्याला वास येतो, डास होतात, आणि कोट्यवधींच्या पदपथावर कोणी फिरकत नाही. आधी काठाने सांडपाण्याची मोठी वाहिनी, मग शुद्धीकरण प्रकल्प, आणि त्यानंतर बंधारा, हाच क्रम हवा.

अहमदाबादकडून घेण्यासारखा धडा वाहतुकीचा आहे. काठावरचे पदपथ २०१२ च्या सुमारास खुले झाले आणि नदी ओलांडणारी मेट्रो २०२२ मध्ये आली. म्हणजे मधली दहा वर्षं बरीच माणसं स्वतःच्या गाडीने आली आणि काठाच्या रस्त्याला, पार्किंगला तसंच वळण लागलं.

पुण्यात उलट क्रमाने झालं. मेट्रोचा काही भाग मुठेच्या पात्रातून गेला, त्यावरून वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचला. काठावरची डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली, पण पलीकडच्या पेठांना जोडणारे पादचारी पूल मागून आले. तोवर नदीपलीकडच्या माणसाला स्थानक समोर दिसत होतं आणि पोचायला वळसा होता. देवपूरच्या वाचकाला वर दिलेला अर्ध्या वर्तुळाचा हिशेब इथेही तंतोतंत लागू पडतो.

प्रश्न : आपल्या शहरात मेट्रो का नाही मागायची? (जळगाव)

गरज नाही म्हणून. १२ मीटरच्या एका बसमध्ये उभे-बसलेले धरून ६० उतारू जातात. दर पाच मिनिटांला गाडी सोडली तर तासाला एका दिशेने ७२० माणसं, तीन मिनिटांला सोडली तर १,२००. आधी हे भरून दाखवू. मागणी त्यापलीकडे गेली तर बसचा तोच रस्ता पुढच्या पायरीसाठी राखलेला असेल.

प्रश्न : मनमाड–इंदूर रेल्वेमुळे धुळ्याच्या नदीकाठाच्या आणि बसच्या आराखड्यात काय बदलावं? (धुळे)

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला हा मार्ग ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटी रुपयांचा आहे. आजवर धुळ्याला चाळीसगावहून येणारी फाट्याची गाडी होती आणि स्टेशन शेवटचं होतं. मुख्य मार्गावरचं स्टेशन झालं की गाड्या वेळीअवेळी येतील आणि एका गाडीतून शे-दोनशे माणसं एकदम उतरतील. पाच मिनिटांत अंगण रिकामं व्हायला हवं. त्यासाठी दरवाजासमोर पहिली जागा बसला, मग रिक्षा, खासगी गाड्या सगळ्यात लांब. गाडी आल्यानंतर आठ-दहा मिनिटांनी बस सुटेल असं वेळापत्रक ठेवा आणि गाडीला उशीर झाला तर बस किती वेळ थांबेल तेही ठरवा.

नदीच्या बाजूने एक गोष्ट आत्ताच विचारायची आहे. धुळ्याहून नरडाण्याकडे जायला रेल्वेला पांझरा ओलांडावी लागते. त्या पुलाचे खांब आणि दोन्हीकडचे भराव यांमुळे पाणी किती सेंटिमीटर चढेल आणि ते मागे कुठपर्यंत जाणवेल, हा आकडा नदीकाठाच्या आराखड्यात यायला हवा. दोन्ही आराखडे वेगवेगळ्या पूरपातळ्या धरून झाले तर एक भिंत कमी पडेल.

प्रश्न : गावाच्या वरच्या अंगाला आमचा फड आहे. काठाच्या रस्त्याच्या मोजणीत पाटाचं तोंड येतंय. (साक्री तालुका)

फड म्हणजे एका बंधाऱ्याचं पाणी पाटाने सामाईक घेणारी शेतं. या बंधाऱ्यातून पाटात पाणी शिरतं ती जागा कुठेही सरकवता येत नाही. पाणी उताराने वाहतं आणि पाटाची पातळी पिढ्यांपूर्वी ठरलेली आहे. रस्ता वर उचलून पाटावर पेटी-मोरी करता येते, पण मोरीचा तळ पाटाच्या तळाशी अगदी बरोबर हवा. दोन-चार इंच वर राहिला तरी शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी तुटतं. आत माणूस वाकून शिरून गाळ काढू शकेल एवढी उंची ठेवा, सव्वा मीटर तरी. मोजणीच्या दिवशी पाटकऱ्याला घेऊन हजर राहा, पातळीची नोंद पंचनाम्यात करून घ्या आणि सगळ्या फडकऱ्यांच्या सह्या घ्या.

प्रश्न : टेंडर निघण्याआधी नागरिकांनी कोणते कागद पाहावेत? (शिरपूर)

पहिला, पूररेषेचा नकाशा. तो जलसंपदा विभागाचा, सहीशिक्क्याचा हवा. सल्लागाराच्या सादरीकरणातली निळी रेघ चालत नाही. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

दुसरा, विकास आराखड्याचा भाग नकाशा. त्यावर पुलाच्या तोंडाच्या जागांवर काय आरक्षण आहे ते पाहा. बसथांबा, रॅम्प, रिक्षातळ यांसाठी आरक्षण नसेल तर आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा लेखी सूचना द्या, सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर लिहून. ‘बसची सोय व्हावी’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर सुनावणीत बोलायला काही नसतं. आरक्षण पडलं तरी गाफील राहू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो.

तिसरा, कामांचा क्रम. सांडपाण्याची वाहिनी, भिंत आणि तिची पाण्याची तोंडं, पूल, रॅम्प, थांबे, आणि फरसबंदी सगळ्यात शेवटी. लहान व्यासाच्या वाहिनीवर साधारण दर ३० मीटरला चेंबर येतं. वाहिनी मागून टाकली तर दर ३० मीटरला नवी फरशी फुटते. चेंबर बसच्या चाकाच्या रेषेत येऊ देऊ नका, झाकण वर्षभरात खचतं. पुलावरून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी न्यायची असेल तर तिची जागा पुलाच्या नकाशातच दाखवलेली असावी. नदीखालून नळी नेणं किती जिकिरीचं असतं याला धुळ्यात जुना दाखला आहे: विश्वेश्वरय्यांच्या नोकरीतल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेच्या एका पाटासाठी टाकलेली नळीची सायफन.

चौथा, पादचारी पुलाचा भार. जिथे यात्रा भरते तिथे दर चौरस मीटरला ५०० किलो धरायचा असतो, एरवी ४००. शिरपुरातही विसर्जनाला अरुणावतीच्या पुलावर माणसाला माणूस खेटून उभा राहतो. नकाशाच्या कोपऱ्यातल्या टिपांमध्ये हा आकडा असतो. तो ४०० लिहिलेला दिसला तर टेंडर निघण्याआधीच लेखी हरकत घ्या, कारण नंतर खांबापासून सगळं बदलावं लागतं.